सोनबाची जर्मन

"इख न्हाई, बाई. तसं न्हाई म्हनत."

मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसून सुमनताई पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचत होत्या. त्यांनी मान वर केली. दाराजवळच्या पिंपात पाणी ओतायला आलेला सोनबा खांद्यावरची घागर तशीच धरून उभा होता. चिंचवडच्या त्या मुलींच्या शाळेत शिपाई म्हणून लागून त्याला तीन वर्षं झाली होती. 'व्हय बाई', 'न्हाई बाई' आणि 'घंटा देऊ का' यापलीकडे तो त्यांच्याशी कधी काही बोलला नव्हता.

"काय म्हणालात?"

"त्ये तुमी इख म्हनला न्हवं, त्ये घशातनं न्हाई काढायचं." सोनबा जरा अवघडला. मग म्हणाला, "नवी नवरी लाजून म्हनती बगा, इश्श. तसंच. पन हळू. मंग त्येंचा 'मी' व्हतो."

सुमनताईंनी पुस्तकाकडे पाहिलं. 'मी' हाच शब्द होता तो.

"सोनबा, ही कुठली भाषा आहे ठाऊक आहे तुम्हाला?"

"जर्मन."

"तुम्हाला कशी येते?"

"पुरंदरावर व्हतो की चार वर्सं. लडाईच्या टायमाला." त्याने घागर पिंपात उपडी केली, उपरण्याने खांदा पुसला आणि तो घंटा द्यायला निघून गेला.

हे सत्तावन्न सालच्या ऑगस्टमधलं. सुमनताई तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. संस्कृत घेऊन एम. ए. झाल्याला आठ वर्षं होऊन गेली होती. वडील गेल्यावर रत्नागिरीहून आईला घेऊन त्या इकडे आल्या, शाळेत लागल्या, आणि लग्नाचा विषय एक-दोनदा निघून आपोआप मागे पडला. त्यांना ओढ होती ती वेगळ्याच गोष्टीची. पवनेच्या काठाने आणि तिकडे देहूच्या नदीकाठी जिथे जिथे डोह आहे, तिथे तिथे शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले असतात. साती आसरा. बायका त्यांना हिरव्या बांगड्या वाहतात, दहीभात ठेवतात आणि मागे वळून न पाहता घरी जातात. या सात जणी कोण, कुठून आल्या, वेदातल्या अप्सरांशी त्यांचं नातं काय, यावर सुमनताईंना प्रबंध लिहायचा होता. सहा वर्षं रविवारी रविवारी पायी हिंडून त्यांनी एकेचाळीस ठाणी पाहिली होती. वह्या भरून टिपणं होती.

अडलं होतं ते जर्मनपाशी.

"तुमच्या विषयावरचा सगळ्यात मोठा लेख जर्मनमध्ये आहे," त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक उद्धवराव चासकर पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "आणि नियमच आहे. धर्मशास्त्रात, प्राचीन संस्कृतीत प्रबंध द्यायचा तर जर्मन किंवा फ्रेंच वाचता आलं पाहिजे. त्याशिवाय प्रबंध हातात धरणार नाहीत."

"पण सर, माझ्या आसरांना जर्मन कुठे येतं?"

चासकर हसले होते. "त्यांना नाही येत. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांना येतं."

परीक्षा अशी: एका पानाचं भाषांतर, कोश जवळ ठेवून, तीन तासांत. नंतर तोंडी परीक्षेत एक उतारा मोठ्याने वाचायचा आणि त्यावरच्या दोन-चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. तीनदाच बसता येई. पहिल्या खेपेला सुमनताईंचं पान अर्धंच झालं. दुसऱ्या खेपेला पान झालं, पण तोंडी परीक्षेत त्यांनी वाचलेलं परीक्षकांना कळलंच नाही. कोश आणि व्याकरण दोन्ही त्यांच्याजवळ होतं, पण ही भाषा त्यांनी माणसाच्या तोंडून कधी ऐकलेली नव्हती. पुण्यातले वर्ग संध्याकाळी भरत, आणि त्या वेळी अर्धांगाने आडव्या झालेल्या आईजवळ दुसरं कोणी नसे. तिसरी परीक्षा डिसेंबरात होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी सोनबाला बोलावलं.

"सोनबा, मला शिकवाल?"

"म्या?" तो भिंतीला टेकला. "बाई, मला अक्षार कळत न्हाई. मराटीसुदिक न्हाई."

"अक्षर मी बघते. तुम्ही आवाज बघा."

असं सुरू झालं. सोनबा उंबऱ्याशी बसे, सुमनताई टेबलाशी. त्या वाचत, तो ऐके. चुकलं की नुसती मान हलवी. तो पुरंदराच्या पायथ्याच्या गावचा. लढाईच्या काळात सरकारने जर्मन कुटुंबं गडावरच्या बंगल्यांत नजरकैदेत ठेवली होती. त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी भरायला, लाकडं फोडायला गावातली माणसं लावली. सोनबा त्यातला. गडावरच्या एका पाद्रीसाहेबाची बायको, लेनाबाई, त्याला प्रत्येक वस्तूचं मराठी नाव विचारी आणि त्या बदल्यात आपल्या भाषेतलं नाव सांगे.

"त्येंच्यात चमचा बाप्या हाय," सोनबा सांगे. "काटा बाईमानूस. आन सुरी म्हंजी ल्येकरू. तो चमचा, ती काटा, ते सुरी. इंग्रजाला काय, समदं येकच. ह्येंचं आपल्यासारकं हाय, तो-ती-ते."

सुमनताईंनी लिंगांचे तक्ते पाठ करकरून डोकं शिणवलं होतं. तक्त्यातलं विसरायला होई. सोनबाने सांगितलेलं मात्र एकदा ऐकलं की तसंच राही.

एकदा एक लांबलचक वाक्य त्यांना काही केल्या सुटेना. त्यांनी ते चार वेळा वाचून दाखवलं. सोनबा डोळे मिटून बसला होता.

"बाई, तुमी मदीच अर्थ लावाया बगता. इंग्रज मदीच सांगून मोकळा व्हतो, काय क्येलं त्ये. ह्ये लोक आपल्यावानी थांबत्यात. कोन, कुटं, कुनासंगं, समदं सांगून झालं की मंग शेवटाला सांगत्यात, आला का ग्येला. तुमी दम धरा."

त्यांनी दम धरला. क्रियापद शेवटी आलं, आणि सबंध वाक्य उलगडलं. आठ वर्षांत पहिल्यांदा सुमनताईंना वाटलं, की हे जमणार.

घरी त्यांनी आईला हे सांगितलं. अंबुबाईंचं अर्धं अंग गेलं होतं, पण जीभ शाबूत होती. "म्हणजे तू विद्यापीठाची परीक्षा शिपायाकडून शिकून देणार?"

"हो."

"मग त्याला दिवाळीला सदरा दे हो. गुरू तो गुरू."

नवरात्र संपल्यावर एके दिवशी वाचन झालं तरी सोनबा उठला नाही. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"बाई, येक इचारू? येक बोल हाय. त्येचा अर्थ पायजे."

"विचारा की."

"फरगेल्ट्स गॉट." त्याने एकेक अक्षर जपून उच्चारलं, भरलेलं भांडं खाली ठेवावं तसं. "गॉट म्हंजी द्येव, त्ये ठावं हाय. पुढचं न्हाई कळत. सैपाकघरात कंदी आला न्हाई त्यो शबुद."

"कोण म्हणालं होतं?"

मग त्याने सांगितलं. पंचेचाळीस सालच्या पावसाळ्यात पाद्रीसाहेबाला छातीचं दुखणं झालं. गडावर औषध नव्हतं. लेनाबाईने सकाळी चिठ्ठी देऊन सोनबाला सासवडला धाडलं. औषध मिळालं, पण परतताना कऱ्हेला लोंढा आला. पलीकडे जाता येईना. तो काठावर बसून राहिला. पाणी जरा ओसरल्यावर छातीइतक्या पाण्यातून, बाटली डोक्यावर मुंडाशात बांधून, तो आला. गडावर पोचला तर दुसऱ्या दिवसाची उन्हं वर आली होती. साहेब पहाटेच गेला होता.

"बाई दारात हुबी व्हती. म्या बाटली म्होरं क्येली. तिनं घ्येतली. माज्याकडं बगितलं आन ह्ये बोलली. आन आत ग्येली. आठ दिसांत तिला दुसऱ्या छावनीत न्येलं. पुना गाठ न्हाई."

"मग?"

"मंग काय." सोनबा जमिनीकडे बघत होता. "त्या सालानंतर माज्या बायकूला, रंभेला, दोन प्वारं झाली. दोनी वरीस पुरं व्हायच्या आत ग्येली. रंभा म्हनती, नशीब. म्या तिला ह्ये कंदी सांगितलं न्हाई. पन बाई, म्या येका दिसानं उशीर क्येला. तिचा नवरा ग्येला. द्येवाचं नाव घिऊन तिनं काय म्हनलं आसंल?"

सुमनताईंनी त्याच संध्याकाळी कोश काढला. 'फ'मध्ये तो शब्द नव्हता. दोन दिवसांनी लक्षात आलं, की या भाषेत 'व्ही' लिहून 'फ' म्हणतात. मग शब्द सापडला. अर्थ दिले होते: परतफेड करणे, सूड घेणे, वचपा काढणे.

त्या कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. परतफेड कशाची? उशीर करणाऱ्याच्या हातून निरुपयोगी बाटली घेताना एखादी विधवा देवाला कसली परतफेड करायला सांगेल? देव याचा वचपा काढील. शब्द तर तसेच जुळत होते.

दुसऱ्या दिवशी सोनबाने काही विचारलं नाही. नुसतं पाहिलं.

"कोशात नाही सापडला तो शब्द," सुमनताई म्हणाल्या. "लहान आहे कोश."

सोनबाने मान हलवली. "बाई, तुमाला खोटं बोलाया येत न्हाई. ऱ्हाऊ द्या." आणि घागर उचलून तो विहिरीकडे गेला.

त्यानंतरही तो रोज उंबऱ्याशी येऊन बसत होता, उच्चार सुधारत होता. त्या बोलाचा विषय मात्र दोघांनी पुन्हा काढला नाही. सुमनताई वाचायच्या आणि मध्येच थांबायच्या. आपण ज्या भाषेची इतकी वर्षं आस धरली, तिच्यातलं पहिलं खरं वाक्य समोर आलं तेव्हा आपण ते लपवलं, हे त्यांना टोचत राही.

डिसेंबरात परीक्षा झाली. लेखी परीक्षेचं पान कुठल्याशा जुन्या यज्ञविधीवरचं होतं. सुमनताईंनी दम धरून एकेक वाक्य शेवटपर्यंत नेलं आणि मगच लिहिलं. वेळ संपायला दहा मिनिटं असताना पान पुरं झालं. दुपारी तोंडी परीक्षा. टेबलामागे चासकरांच्या वयाचे एक गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी एक वृद्ध जर्मन बाई बसल्या होत्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, नाकावर चष्मा. त्या पुण्यातच जर्मन शिकवीत.

सुमनताईंनी उतारा वाचला. बाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही कुणाकडे शिकलात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "हे आमच्या दक्षिणेकडचं बोलणं आहे. डोंगरातल्या खेड्यांमधलं. पुण्यात असं कोणी शिकवत नाही."

"आमच्या शाळेच्या शिपायांकडे," सुमनताई म्हणाल्या.

शेजारचे गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. प्रश्न झाले, उत्तरं झाली. "ठीक आहे, तुम्ही जाऊ शकता," गृहस्थ म्हणाले. सुमनताई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"मला एक विचारायचं आहे. परीक्षेतलं नाही."

त्यांनी तो बोल म्हणून दाखवला. तो कुणी, कुणाला, कोणत्या वेळी म्हटला तेही सांगितलं. कऱ्हेचा पूर, डोक्यावर बांधलेली बाटली, दार. आता यातून पळवाट नव्हती.

जर्मन बाईंनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरचा हात त्यांनी मिटला.

"माझी आजी म्हणायची," त्या म्हणाल्या. "साधं आभार मानायला दुसरा शब्द आहे. तो सगळेच वापरतात. हे आमच्याकडे कधी म्हणतात? कुणी इतकं केलं, की आपल्या हातून त्याची फेड व्हायचीच नाही, तेव्हा. देवा, माझ्याच्यानं हे फिटणार नाही, तूच फेड. असा त्याचा अर्थ."

"पण कोशात सूड घेणे असं आहे."

"कोशात दोन्ही आहे. माणसाच्या तोंडी एकच असतं." मग त्या सावकाश म्हणाल्या, "तो माणूस पुरातून आला होता ना? तिनं दुसरं काय म्हणावं?"

सुमनताई गाडीने चिंचवडला परतल्या. पिंपरीच्या नव्या कारखान्याचं धुराडं खिडकीतून मागे गेलं ते त्यांना दिसलंही नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी त्या विहिरीशी गेल्या. सोनबा पाणी शेंदत होता.

"सोनबा, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. कोशात शब्द होता. वाईट अर्थ होता म्हणून सांगितला नाही. पण तो अर्थ खरा नव्हता. काल मी विचारून आले."

आणि त्यांनी जसं ऐकलं तसं सांगितलं. फिटणार नाही, देवा, तूच फेड.

दोर सोनबाच्या हातात तसाच राहिला. खाली विहिरीत बादली पाण्याला टेकली होती.

"उशीर झाला तरीबी?"

"उशीर झाला तरीही."

"तिनं पानी बगितलं आसंल माज्या अंगावरचं," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने विहिरीच्या काठावर हात टेकून मान खाली घातली. खांदे हलत होते. सुमनताई तिथेच उभ्या राहिल्या. शाळेत येणाऱ्या मुली लांबून बघत होत्या, त्यांना त्यांनी हातानेच आत जायला सांगितलं.

थोड्या वेळाने सोनबाने उपरण्याने तोंड पुसलं.

"बाई, येवडा मोटा बोल ती बोलली. मंग म्या काय म्हनाया पायजे व्हतं?"

"म्हणजे?"

"काय तरी जाब आसंल की त्येला. कुनी रामराम म्हनलं तर आपून रामराम म्हनतो. म्या नुसता हुबा ऱ्हायलो, ढिम्म. बारा वर्सं तिचा बोल माज्याकडं हाय, आन माज्याकडनं तिला काईच न्हाई."

सुमनताईंना उत्तर ठाऊक नव्हतं. हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी जर्मन बाईंना पोस्टकार्ड टाकलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठाचं पत्र आलं. सुमनताई उत्तीर्ण झाल्या होत्या. अंबुबाईंनी बऱ्या हाताने खूण करून देवापुढे साखर ठेवायला लावली. प्रबंधाला पुढे आणखी पाच वर्षं लागली. अंबुबाईंना तो पाहायला मिळाला नाही, आणि तोवर एकेचाळीसांतली सहा ठाणी कारखान्यांच्या कुंपणाआड गेली होती. पण ते सगळं नंतरचं. त्या आठवड्यात टपालाने आणखी एक कार्ड आलं, आणि सुमनताई विद्यापीठाचं पत्र पिशवीत ठेवून ते कार्ड तेवढं हातात घेऊन शाळेत गेल्या.

"आलं उत्तर," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे म्हणतात, झेग्नेस गॉट. देव ते गोड करून घेवो."

सोनबाने ऐकलं. "पुन्यांदा म्हना."

त्यांनी पुन्हा म्हटलं. तो ओठ हलवत राहिला, पण आवाज काढला नाही. मग म्हणाला, "बाई, शनवार-ऐतवार सुटी पायजे." तीन वर्षांत त्याने मागितलेली ती पहिली सुट्टी.

सोमवारी तो घंटेच्या वेळेला हजर होता. वहाणांना तांबडी माती होती. सकाळभर दोघांनाही सवड झाली नाही. मधल्या सुट्टीत तो पाणी घेऊन आला, घागर खाली ठेवली आणि नेहमीच्या जागी बसला.

"जाऊन आलो," तो म्हणाला.

"गडावर?"

"व्हय. रंभेला बी न्येलं व्हतं. वाटंत तिला समदं सांगितलं. प्वारांचं बी."

"काय म्हणाली?"

"काईच न्हाई. निस्ता माजा हात धरून चढली."

"आणि बंगला?"

"हाय. काचा फुटल्यात. दार न्हाई. आत शेरडं बसत्यात." सोनबाने उपरणं मांडीवर सारखं केलं. "त्यो जाब म्हनून आलो. दोनदा म्हनलं."

"आत गेला होतात?"

"न्हाई बाई," सोनबा म्हणाला. "उंबऱ्याभायेर हुबा ऱ्हाऊन म्हनलं. त्या दिशी तिनं आत ये म्हनलं नव्हतं."